एकेचाळिसावी वेळ

ब्राबांटमधली व्यायामशाळा. चार खाटा,
संत्र्याचा रस, बिस्किटं.
नर्स विचारते, घरी शेळ्या?
नाही, म्हणतो रिनुस. मी पोस्टमन.
शेळ्या दिम्फ्नाच्या, रस्त्यापलीकडे.
आणि वारा?
वाऱ्याला कोण दार लावतं, बाई.

पंधरवड्यानं
त्याच्याच थैलीत त्याचंच पत्र:
रक्तात खूण सापडली, तूर्त येऊ नये.

फेब्रुवारीत शेळ्या गाभडल्या,
एकामागून एक.
गोठ्यातला पेंढा उपसून शेतावर टाकला, उन्हात वाळला, उडाला.
त्याला तेव्हा दोन दिवस ताप.
सर्दी समजून
त्यानं एकही फेरी चुकवली नव्हती.

सायकल भिंतीला टेकवून
तो कोपराच्या खळीतला
टोचून टोचून कडक झालेला ठिपका चाचपतो.

थैलीत तसंच आणखी एक पाकीट,
दिम्फ्नाच्या नावाचं.
आज तो पेटीत टाकत नाही,
बेल वाजवतो.