बादलीवाला

खऱ्या मेणबत्त्या लावायच्या असल्या
की अग्निशमन दलाचा एक माणूस विंगेत हवा, असा नियम आहे.
म्हणून मी. पाण्याची बादली, ओलं घोंगडं,
आणि गढीतलं हे जुनं लाकडी नाट्यगृह.
बाहेर सगळा मोराविया बर्फाखाली.

ओताकरला बाईंनी पाचव्यांदा मागे पाठवलं.
आत ये, मालकाला पत्र दे, जा. एवढंच काम.
तो आला, बसमध्ये चढतो तसा.
क्वेतोस्लावाबाई म्हणाल्या,
"हा नोकर अडीचशे वर्षांपूर्वीचा.
तुझे गुडघे मात्र या मंगळवारचे."

पोरगा वैतागला.
"मनगट असं, पाऊल तसं, सगळं खोटं वाटतं, बाई.
माणसं अशी कधी उभी राहिलीत का?"

बाईंनी उत्तर दिलं नाही. माझ्याकडे वळल्या:
"यिंद्रिख, दिवे घालवा."

मग मी रंगमंचाच्या ओठावर
एकेक वात पेटवत गेलो. चोवीस.
पंचविसावी मालकाच्या मेजावर.

ओताकर मागे उभा होता आणि नव्हता.
नुसते मोजे दिसत होते, पांढरे, दोन.
चेहरा हवा तर पुढे यावं लागलं.
पुढे आला तर उजेड हनुवटीखालून,
म्हणून मान उचलावी लागली.
पत्र कमरेशी धरलं तर कुणालाच दिसेना,
म्हणून हात वर. मेजापलीकडे तो पुढे करताना
लेसची बाही ज्योतीकडे लोंबली
(मी बादलीची कडी पकडली),
तिला वाचवायला मनगट बाहेर फिरलं
आणि उंच टाचांवर तोल जाऊ नये म्हणून
पाऊल आपसूक तिरपं पडलं.

बाई गप्पच. मागच्या बाकावर कुणी खोकलं.
जुन्या तसबिरीतला माणूस उभा होता तिथे,
नाकावर घाम,
बुटावर मेणाचा एक थेंब.

रात्री बादली अंगणात ओतली, पाणी लगेच थिजलं.
थांब्यावर ओताकर एकटाच:
खांदे पडलेले, मान वाकलेली,
अंगठा काचेवर,
चेहऱ्यावर खालून निळा उजेड.

कधीतरी एखादी बाई कुणा पोराला खडसावेल:
मान अजून खाली. अंगठा सैल सोड.
तू बसची वाट बघतोयस, पण रस्त्याकडे बघत नाहीयेस.
जा मागे, परत ये.
आणि तो पोरगा वैतागेल.

त्या तालमीला
बादलीवाला लागणार नाही बहुधा.