उपसूर्य

शेर्वोय बेटावर जानेवारीची तीन तारीख.
सकाळचे अकरा, आणि खिडकीत
शाई सांडल्यासारखा निळा काळोख.
बंदरातल्या बोटींचे दिवे, बर्फ, आणखी बर्फ.

गुडलाउगबाईंनी फळ्यावर दोन खिळे ठोकले,
मासेमारीच्या दोऱ्याचा फास घातला,
खडू ताणून फिरवला:
किंचित चेपलेलं वर्तुळ.
“या खिळ्यावर सूर्य. आणि आज आपण इथे.
वर्षातलं सगळ्यात जवळचं ठिकाण.
चौदा कोटी एकाहत्तर लाख किलोमीटर.”

वर्गाने खिडकीकडे पाहिलं.
नोव्हेंबरात गेलेला सूर्य
अजून परतला नव्हता.

“जवळ, तर मग दिसत का नाही?”
“आपलंच डोकं पलीकडे कललंय म्हणून.”
“आणि जुलैत?”
“जुलैत पन्नास लाख किलोमीटर आणखी लांब.”
जुलैत, म्हणजे रात्री बारालाही
पोरं धक्क्यावर गळ टाकून बसतात तेव्हा,
झोप यावी म्हणून पडद्यांना आतून
काळं कापड शिवावं लागतं तेव्हा.

शेवटच्या बाकावरची मारेत
हात वर न करताच बोलली,
“माझ्या बाबांसारखं.”

कुणी हसलं नाही.
गाव लहान. याकोपची बोट कधी येते, कधी जाते,
सगळ्यांना पाठ.
नाताळपासून तो घरीच आहे,
भिंतीकडे तोंड करून निजलेला;
कॉफी दाराशी ठेवायची
आणि पाय न वाजवता परतायचं.
जुलैत मात्र बेअर बेटापलीकडून
तासभर फोनवर असतो:
जाळ्यात आलेला शार्क, आचाऱ्याचं घोरणं,
“तो हलणारा दात पडला का गं?”

उप म्हणजे जवळ, अप म्हणजे दूर.
एका स्वराचं अंतर.
पृथ्वीला ते कापायला सहा महिने लागतात.

बाई सांगणार होत्या,
जवळ असते तेव्हाच पृथ्वी सर्वांत घाईत असते,
लांब गेली की रेंगाळते.
नाही सांगितलं.
बोटांवरचा खडू स्कर्टला पुसला.
म्हणाल्या, अठरा दिवसांनी डोंगरामागून कड दिसेल,
शाळेत जॅमचे गोल पाव वाटू.
(तोवर आपण लांब जायला लागलेलो असू.
हेही नाही सांगितलं.)

“आणि या दुसऱ्या खिळ्यावर कोण?”
“कोणी नाही.”
“मग ठोकला कशाला?”
“तो नसता तर अंतर वर्षभर सारखंच राहिलं असतं.”

घंटा झाली. वर्ग रिकामा होईपर्यंत
मारेत फळ्यापाशी घुटमळली.
मग डोक्यावरची लोकरी टोपी काढून,
तिच्या कानांना मोठी होणारी, बाबांची,
त्या खिळ्याला अडकवून
तशीच उघड्या डोक्याने बर्फात गेली.