गेट नंबर तीन

जांभळा रंग मीच भरला.
शेतीविभागाचा हिरवा काढून उद्योगाचा जांभळा,
सव्वाशे एकर, एका क्लिकमध्ये,
चहा निवायच्या आत.

मोजणीला गेले तेव्हा कळलं
त्या एका हिरव्यात किती जणांचं राहणं होतं:
घाणेरीचा काळपट, कुसळीचा पिवळट,
ओढ्याकाठच्या करंजाचा नुकता पुसल्यासारखा तकतकीत.
आणि मधला माळ तर हिरवा नव्हताच.
मार्चमध्ये तो भेगाळल्या टाचेच्या रंगाचा असतो.

भूकरमापक कुदळे यंत्राचा खांब धरून उभे.
"बाई, जरा अलीकडं या, टिटवीची अंडी आहेत,"
म्हणाले, आणि बिंदू क्रमांक सत्तेचाळीस
दोन हात बाजूला घेतला.
कागदावर तो फरक दिसत नाही.
टिटवी मात्र बराच वेळ डोक्यावर ओरडत होती.

अहवालात मी लिहिलं होतं: स्थानिक पुनरुज्जीवन.
प्रत्यक्ष रोजगार चार हजार,
अप्रत्यक्ष नऊ.
अप्रत्यक्ष हा फार सोयीचा शब्द आहे.

सुनावणी शाळेत झाली, चौथीच्या वर्गात.
बाकं इतकी बुटकी की साहेबांचे गुडघे हनुवटीला लागलेले.
फळ्यावर कुणाचा तरी भागाकार तसाच. बाकी तीन.

हरकती एकवीस आल्या:
मोबदला, ओढ्यावरच्या पुलाची उंची, दहनभूमीची वाट.
जमीन देणार नाही, असं कुणीच म्हणालं नाही.
त्याच उत्तराची तयारी करून मी रात्र जागवली होती.

निवृत्ती पायगुडे उठले. पिंपरीला फिटर होते,
कंपनीला कुलूप लागल्यापासून घरीच.
"मॅडम, पुनरुज्जीवन म्हंजे मेलेलं परत जितं करायचं ना?
मग मेलंय कोण, तेवढं नकाशात दाखवा."
सगळे हसले. मीही हसले.
साहेबांनी रुमाल काढून चष्मा पुसला.
इतिवृत्तात याची नोंद नाही.

मग मागून त्यांच्या भाचीनं हात वर केला,
वर्गात करतात तसा, कोपरापासून सरळ.
रेणुका. आयटीआय, वीजतंत्री, प्रथम श्रेणी.
"सर, आत जायचं कुठून?"
मुख्य प्रवेशद्वार हायवेला आहे, साहेब म्हणाले.
"ते गाड्यांचं. आमची वाडी मागं.
भिंतीला वळसा घालून पाच किलोमीटर होतात,
सकाळी सहाच्या पाळीला.
माणसं चार हजार लिहिलीत.
दारं किती लिहिलीत?"

नकाशा पुन्हा उघडला.
बाराशे मोटारींचं पार्किंग.
शोभेच्या गवतासाठी वेगळी टाकी.
एक सायकल ट्रॅक, जो स्वतःभोवती फिरून
स्वतःपाशीच संपतो.
आणि दक्षिणेला भिंत, सलग, एकच रेघ,
हात न उचलता ओढलेली. माझीच.

त्या रात्री धायरीच्या आमच्या गॅलरीत
कपडे काढताना खाली पाहिलं.
हीसुद्धा कधीतरी कुणीतरी पिवळी केलेली जागा.
कुणी हात वर केला असेल का,
आणि कुणाला तो दिसला असेल का.
कपडे अजून दमट होते. तसेच राहू दिले.

रेघ तोडली. दीड मीटर.
लिहिलं: गेट नंबर तीन, पादचारी.
सुरक्षा सल्लागारांचा शेरा आला: आवश्यकता तपासावी.
खाली लिहिलं: तपासली.
तोच शेरा पुन्हा आला. तेच पुन्हा लिहिलं.
आवृत्ती सात, गेट आहे.
आवृत्ती आठ, गेट नाही.
आवृत्ती नऊ, कचऱ्याची गाडी मागूनच काढायची ठरली,
म्हणून गेट आहे, आणि चांगलं चार मीटरचं.
जिंकले म्हणावं की काय म्हणावं.

रेणुकाला फोन करून सांगितलं.
ती आनंदली वगैरे नाही.
"बरं," म्हणाली. मागे कुकरची शिट्टी झाली.
"तिथला दिवा कुणाच्या मीटरवर धरलाय?"

दिवा मी धरलाच नव्हता.