बुन्योनीला, शनिवारी

कंपालाहून पहाटे निघालो. डिकीत
जादा टायर, दोन जेरीकॅन, आजीसाठी साखर.
आईच्या मांडीवर नकाशा, जो कुणी कधी पाहत नाही.

विषुववृत्त ओलांडलं, फोटोला थांबलो नाही.
ल्यांतोंडेला भाजलेली केळी, बोटं पोळली.
लांब शिंगांच्या गाई रस्ता ओलांडेपर्यंत
बाबा हॉर्नवर हात ठेवून बसले,
वाजवला मात्र नाही.
आठ तास ते एकटेच बोलत होते :
खड्डे, डिझेलचा भाव,
पुढच्या ट्रकवाल्याचं अख्खं खानदान.

काबाले मागे पडलं, एक वळण सरलं
आणि खाली तळं.
बाबा चक्क गप्प.

धक्क्यावर तुमुहिरवे नावाचा पोरगा :
"वल्हवता येतं ना?"
"चारशे किलोमीटर आणलंय यांना," बाबा म्हणाले.

एकाच खोडातून कोरलेली होडी.
दहा हात गेली न गेली, गरगर फिरू लागली,
आधी डावीकडे, मग हट्टानं पुन्हा डावीकडेच.
पोरगा धक्क्यावर पोट धरून.
एक पाणकावळा नुसता बघत.

आईनं सँडल काढल्या.
वल्हं मागितलं नाही, घेतलं.
मनगटाची एक मुरड,
आणि होडी सरळ,
सुईत दोरा जावा तशी.

"शाळा पलीकडं होती," ती म्हणाली.
"सहा वर्षं. धुकं असलं की
कोंबड्याच्या आवाजावर."

मी एकोणीस वर्षांची.
हे आजच ऐकत होते.

बाबा पुढे बसून डबड्यानं
होडीतलं पाणी उपसू लागले.
पाणी फारसं नव्हतंच.