प्लेसमेंट व्हिजिट, सहावा आठवडा

कॉलेजच्या फॉर्मात अकरा चौकोन आहेत.
वक्तशीरपणा. नीटनेटकेपणा. संवादकौशल्य.
मी त्याची चौघडी करून पर्समध्ये टाकते
आणि अप्पा बळवंत चौकात स्कूटर लावायला जागा शोधते,
जी नसते.

तिसरा मजला. लिफ्ट बंद, म्हणजे कायमची.
जिन्यात गाइडांचे गठ्ठे, सुतळीचा वास,
आणि वर, खिडकीपाशी, शमा बागवान,
शेवटचं वर्ष, रोल नंबर एकोणीस,
एका शेळीवर वाकलेली.

"मॅडम, ही सातवी."
पहिली शहाडे सरांना रोडावलेली वाटली.
दुसरी लबाड.
तिसरीची शिंगं टोकदार, मुलं घाबरतील म्हणून कापली.
चौथीला आचळं होती.
इयत्ता दुसरीला चालत नाहीत, पालक फोन करतात.
पाचवी, सहावी तिने स्वतःच फाडली.

शेळी छान आहे.
खांद्याचं हाड कातड्याआडून कळतंय,
पोटाखालची सावली गवतावर नीट सांडलीय.
तीन वर्षं मी हेच तर शिकवलं,
हाड, कातडं, उजेड कुठून येतो.
पैसे कुठून येतात ते सिलॅबसमध्ये नव्हतं.
मलाही कुणी सांगितलं नव्हतं.
माझ्या कपाटात एका दिवाळी अंकाचं पोस्टकार्ड आहे,
"मानधन सवडीने पाठवतो."
सवड झाली नाही.
अंक बंद पडला, मग संपादक गेले,
मी भेटायला गेले होते.
तिथे असलं काही काढायचं नसतं.

"प्लेसमेंट संपल्यावर काय?"
"सर म्हणालेत, बाहेरून काम देत जाऊ.
चित्राचे काय घेशील ते सांग."
"मग?"
ती रबराचा चुरा कागदावरून फुंकते.
"म्हटलं, तुम्हीच ठरवा."

हे वाक्य माझं.
तिने ते माझ्याकडे बघून काढलंय,
रेषसुद्धा न हलवता.

"अब्बांना सांगितलं, तर त्यांचा घास हातातच राहिला."
मार्केट यार्डात पपईचा गाळा आहे त्यांचा.
"म्हणाले, मी कुणा गिऱ्हाइकाला म्हटलंय कधी,
पपई न्या, भाव तुमचा तुम्ही लावा?
आणि सात वेळा फोड कापून चाखवलीस, ती कुणाच्या खात्यात?"
मग रात्री दोघं वही घेऊन बसले.
कागद, रंग, वीज, बसचा पास.
डोळ्यांचे किती धरायचे, यावर अडले.
शेवटी जेवणं झाल्यावर अम्मीने आकडा सांगितला
आणि दिवा बंद केला.

शहाडे सर चहा घेऊन येतात.
मुलगी गुणी आहे म्हणतात. हात चांगला आहे.
शमा उभी राहते. पेन्सिल हातातच.
"सर, एका चित्राचे अठराशे.
दोन दुरुस्त्या त्यात. तिसरीपासून वेगळे."
"अठराशे"वर आवाज जरा घसरला,
पण पडला नाही.

खाली कटिंग मशीनचं पातं एकदा उतरलं.
सर बशीतल्या चहावर फुंकर घालत राहिले.
माझ्या जिभेवर आलंच होतं,
"नवीन आहे हो, जमेल तसं द्या."
मी बिस्किट तोंडात कोंबलं.
ती माझ्याकडे बघत नव्हती. बरं झालं.

"कळवतो," सर म्हणाले.
या शब्दाशी माझी जुनी ओळख आहे.

खाली आले तर स्कूटर उचलून नेलेली,
जागेवर खडूने लिहिलेला नंबर.
दंड भरायच्या रांगेत फॉर्म उघडला.
संवादकौशल्यापाशी बराच वेळ थांबले.
दहापैकी द्यायचे होते. पण देणारी मी कोण?
मागच्या माणसाने ढकललं, तेव्हा नऊ लिहिले.
एक का कापला, माहीत नाही. सवय.

रात्री साडेदहाला तिचा मेसेज.
"पंधराशे म्हणाले. मी सोळा म्हटलं. हो म्हणाले.
शेळी प्लेसमेंटमध्ये गेली, मॅडम.
कोंबडीपासून भाव लागू."