वर्तणुकीचा रकाना

नववी ब, हजेरी क्रमांक एकेचाळीस,
धैर्यशील महादेव लोहार.
दाखल्याचं पुस्तक उघडलंय, कार्बन घातलाय,
जन्मतारीख अंकी, अक्षरी, आईचं नाव,
सगळं भरून झालं.
राहिलाय तो वर्तणुकीचा रकाना.

सव्वीस वर्षं इथं मी एकच शब्द लिहीत आलोय.
काचा फोडणाऱ्याला, चांगली.
सरांच्या लुनाची हवा सोडणाऱ्याला, चांगली.
एकदा तर वारलेल्या पोरालाही,
वडिलांना विम्यासाठी हवा होता दाखला,
चांगली.

शिस्त समिती शनिवारी बसली, सकाळची शाळा सुटल्यावर.
खिडकीतनं कसबा बावड्याकडचा मळीचा वास.
गळीत सुरू झालं की अख्खी पेठ आंबून निघते,
त्याची कुणी बैठक लावत नाही.
हिर्डेकर बाईंनी नियम अकरा वाचला:
नशेचा कोणताही पदार्थ आढळल्यास
पालकांना बोलावून दाखला हाती द्यावा.
'द्यावा, की देता येईल?' मुल्लाणी सरांनी विचारलं.
व्याकरणावर दहा मिनिटं गेली.
टेबलाखाली चव्हाण सर
तंबाखूला चुना लावत होते, आवाज न करता.
इतिवृत्तात मी लिहिलं, सर्व सदस्य उपस्थित.

फाटकापासून शंभर यार्डांवरची पिवळी रेघ
याच पोरानं मारलेली, स्काऊटच्या शिबिरात.
टेपचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं त्याच्या.
दुसऱ्या दिवशी बाबूची टपरी
चाकांवरनं फूटभर पलीकडं सरकली
आणि कायद्यात बसली.

पुरावा म्हणून टेबलावर एक रुमाल
आणि ती बाटली. पांढरी, बोटाएवढी.
बाटलीवर चिकटपट्टी, पट्टीवर 'कार्यालय',
रफार जरा जास्तच उडालेला,
माझा उडतो तसा.
कुणी ते वाचलं नाही.
मीही नाही.

महादेव लोहार उद्यमनगरातनं पाळी सोडून आला,
भुवयांत मोल्डिंगची काळी माती.
खुर्चीत बसला नाही, खुर्ची खराब होईल म्हणून.
सही कुठं करू, एवढंच विचारलं सगळ्यांसमोर.
मग माझ्या खिडकीशी येऊन, हळू:
'सायेब, ह्यात काय लिवणार त्याचं?
असलं लिवलं तर दुसरी शाळा घेतीया व्हय?
आन न्हाई घेतलं
तर भट्टीवरच न्यावं लागंल माझ्यासंगं.
तिथं सांजच्याला समदीच घेत्यात.
म्या बी घेतो.
तिथं दाखला मागत न्हाई कोण.'

दाखला अजून पुस्तकातच आहे.
बाई विचारतात, मी म्हणतो, शिक्का सापडेना.
शिक्का माझ्या खणात आहे.

आज सोमवार. पोरगं आलं, दप्तरासकट.
वर्गात बसायचं नाही, एवढंच त्याला सांगितलेलं.
मग बसायचं कुठं, ते नियम अकरात नाही.
कार्यालयासमोरच्या बाकावर बसलं, मधल्या सुट्टीपर्यंत.
दोन पोरं येऊन बघून गेली, हसली नाहीत.
शेवटी आत बोलावलं,
कोरं मस्टर पुढ्यात टाकलं, पट्टी, निळं पेन.
म्हटलं, रकाने आख.
डोळे लाल, बोटं थरथरत होती.
विचारलं काहीच नाही.
विचारायचं तर आधी बाटलीचं
मलाच सांगावं लागलं असतं.

'सर, रेघ वाकडी गेली.'
हात आपसूक गेला टेबलाच्या त्या कोपऱ्याकडं
जिथं ती असायची.
व्हाइटनर आता लोखंडी कपाटात, किल्ली बाईंकडं.
म्हटलं, राहू दे तशीच,
शेजारनं दुसरी मार.
पट्टी सरकत होती त्याची.
मी दुसरं टोक दाबून धरलं.