रकाना

तालुक्याहून फॉर्म आला.
विद्यार्थी कसा शिकतो? एकाच रकान्यात खूण करा:
बघून. ऐकून. करून.
दहावी 'ब', एकोणचाळीस पोरं,
आणि पेन मधूनच सुकणारं.

मुखेडच्या आमच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे
खिचडीच्या तांदळाची पोती ठेवतात ती खोली.
धड असा अॅमीटर एकच.

दैवशालापुढं 'ऐकून' अशी खूण केली होती मी.
ओहमचा नियम ती एका दमात म्हणते,
स्वल्पविरामाला तेवढी थांबते.
व्यंकटपुढं 'करून'.
बसस्टँडमागं बापाच्या दुकानात
जळालेल्या मोटारी भरतो तो,
चाचणीत वीसपैकी चार.

तारा जोडल्या. कळ दाबली.
सगळे काट्याकडं बघत होते,
व्यंकटनं तेवढ्यात मान वळवली, नाक वर केलं:
"मॅडम, बंद करा. व्हार्निस जळायलंय."
मला खडूशिवाय कशाचाच वास आला नाही.
कळ काढली, गुंडाळीला बोट लावलं,
चर्र झालं.

वास घेऊन शिकणारा
असा रकाना नव्हता फॉर्मवर.

दुसरी गुंडाळी लावली.
दैवशालानं वर न बघताच लिहून टाकलं:
शून्य पॉइंट तीन.
काटा तर चारवर उभा.
"तीनच यायला पाहिजे ना, मॅडम? पुस्तकात तीनंय."

मी काय बोलणार.
नांदेडला बीएस्सीला असताना
मी आधी आलेख काढायची, सरळ, देखणा,
आणि त्याच्यावरून मागं मागं येत
निरीक्षणं भरायची.
पहिला वर्ग मिळाला होता.

व्यंकटनं सेल काढून घेतला.
"आता बघ. करंट नाही तरी
काटा एक घर पुढंच हाय.
पासंगय ह्याला,
भाजीवालीच्या तराजूला असतो तसा."

दैवशालानं वाकून बघितलं,
एक डोळा मिटून, मग दुसरा.
तीन खोडलं. लिहिलं:
दिसलं चार. पासंग एक.
खाली परत तीन.
उत्तर तेच आलं
तरी घंटा झाल्यावरही ती वहीकडं बघत उभी होती,
पुढच्या तासाची पोरं दारात खोळंबलेली.

संध्याकाळी फॉर्म पाठवावाच लागला.
एकोणचाळीस खुणा, वर शाळेचा शिक्का.
बोटाला फोड आला होता.
हुंगून बघितलं.
जरा जरा
येतोय मला.